कोठडीच्या दाराशी जमलेली माणसे

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट चिरडताना घरातल्या मुलांना नरकासुराची गोष्ट सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या गोष्टीतला वध मुलांच्या लक्षात राहतो. पुढचा भाग सांगताना मात्र आपण घाई करतो, कारण तोवर फराळाची ताटे मांडलेली असतात. नरकासुराने सोळा सहस्र स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या आणि त्याला मारल्यावर श्रीकृष्णाने त्या बंदिशाळेचे दार उघडले, असा तो भाग आहे. सणासुदीच्या अंकात कोठडीचा विषय कशाला काढला, असे कोणी विचारील तर त्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

राज्य म्हटले की पहारा आला, पहारा म्हटला की कोठडी आली आणि कोठडीची किल्ली कोणाच्या तरी कमरेला आली. त्या किल्लीवाल्यानेच अन्याय केला, कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? आणि दाद मागून लागलेला निकाल लोकांना पटला नाही, तर लोकांनी काय करायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राने दोन वेळा दोन निरनिराळ्या तऱ्हांनी दिली आहेत. पहिला प्रसंग १७९१ सालच्या पुण्यातला, दुसरा १९७२ सालच्या देसाईगंजातला. दोन्ही वेळी कोठडीच्या दाराशी माणसे जमली होती. पुढे काय घडले, ते मात्र वेगळे होते.

पहिल्या प्रसंगातला मुख्य पुरुष आमच्या गावचा, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. घाशीराम सावळादास हा औरंगाबादेस राहणारा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. मराठवाड्याने पुण्याला संत दिले, पंडित दिले आणि हाही एक असामी दिला! नशीब काढायला तो पुण्यास गेला, नाना फडणिसांची मर्जी त्याने संपादन केली आणि १७७७ साली पुणे शहराची कोतवाली त्याच्या हाती आली. ती त्याने चौदा वर्षे केली.

कोतवाल म्हणजे आजच्या भाषेत नुसता पोलीस अधिकारी नव्हे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, १७६४ साली, पुण्यास कोतवालीची कचेरी बसली तेव्हापासून रात्रीची गस्त, पेठांतले तंटे, वजनेमापे, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, जुगाराचा बंदोबस्त असे नाना प्रकारचे काम तिच्याकडे असे. रात्रीची तोफ झाल्यावर जो रस्त्यावर सापडेल त्याची रात्र चौकीत जायची. पकडणारा कोतवाल, विचारपूस करणारा कोतवाल, दंड ठोठावणारा कोतवाल आणि दंडाची रक्कम सरकारात भरणाराही कोतवालच. अशा माणसाची वसुली जितकी चोख, तितकी त्याच्याविषयी वरून विचारणा कमी. घाशीराम एका दिवसात बिघडला नसावा. त्याला चौदा वर्षे कोणी विचारले नाही, हे बिघाडाचे मोठे कारण असावे.

१७९१ च्या ऑगस्टअखेरीस, श्रावण संपता संपता, दक्षिणेसाठी पुण्यास आलेले तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर होते. त्यांतल्या सुमारे पस्तीस जणांचा मुक्काम भवानी पेठेच्या बाजूस घाशीरामाच्या बागेजवळ पडला. त्यांनी बागेतली काही फळे-कणसे तोडली, पहारेकऱ्यांशी त्यांची बाचाबाची झाली, असे सांगतात. कोतवालाच्या माणसांनी त्या सर्वांना एका अरुंद कोठडीत कोंडले. आत वारा नाही, पाणी नाही. जवळच राहणारे सरदार मानाजी फाकडे यांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी कुलूप तोडवून दार उघडले. आत वीसहून अधिक माणसे गुदमरून मेलेली निघाली.

बातमी शहरभर झाली. शेकडो ब्राह्मण वाड्यासमोर जमले आणि कोतवालाला आमच्या हवाली करा, म्हणून अडून बसले. कोंडलेले लोक चोर होते, असे घाशीरामाने नानांना आधी सांगितल्याचे म्हणतात. नाना सावध मुत्सद्दी, ते चौकशी करू म्हणत होते. परंतु जमाव हटेना, शास्त्र्यांचेही मत देहान्त शासनाकडे पडले आणि शेवटी घाशीरामाला जमावाच्या हाती दिले गेले. त्याची शहरातून धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्या वेळी पुण्यास होता, त्याने हा सारा प्रकार आपल्या सरकारला लिहून कळवला.

त्या दिवशी पुणेकरांना न्याय झाल्याचे समाधान वाटले असेल. गुन्हा घोर होता आणि मोठ्या पदावरचा मनुष्य त्यातून सुटला नाही, हे खरेच आहे. पण दुसऱ्या दिवशी काय बदलले? कोतवाली तशीच राहिली. एका कोठडीत किती माणसे ठेवावी, कोंडलेल्याची खबर कोणाला द्यावी, पाणी कोणी पाजावे, कोंडण्याचे कारण कोठे लिहावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दगडांनी मिळाले नाही. ते उत्तर देऊ शकणारा मनुष्य तर दगडांखालीच गेला होता. त्याच्या हाताखाली त्या रात्री कुलूप लावणारे कोण होते आणि आतून दार ठोठावल्याचा आवाज ऐकून झोपी गेलेले कोण होते, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी टोचते. मेलेले लोक ब्राह्मण होते, दक्षिणेला आलेले होते आणि त्यांच्या जातीचे शेकडो लोक राजवाड्यासमोर उभे राहू शकत होते. कोतवालाने सांगितले तसे ते खरोखरच चोर असते तर? कोणी गरीब कोळी, भिल्ल, रामोशी असते तर? मग फाकड्यांनी कुलूप तोडले असते काय, आणि नानांच्या दाराशी कोण जमले असते? जमावाचा न्याय मेलेला मनुष्य कोणाचा, हे पाहूनच जागा होतो. त्याचे हे व्यंग घाशीरामाच्या गोष्टीतही दिसते, आपण ते पाहत नाही इतकेच.

घाशीराम मेला, परंतु त्याचे नाव उरले. १८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच्या नावाने पुस्तक लिहिले. १९७२ च्या डिसेंबरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या रंगभूमीवर आले तेव्हा तर मोठे वादळ उठले. नाटकात नाना फडणिसांची बदनामी झाली की नाही, यावर सुशिक्षित महाराष्ट्र हमरीतुमरीवर आला होता. त्याच १९७२ सालच्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला एका पोलीस ठाण्यात काय घडले होते, हे त्या भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या ठाण्याकडे जाण्यापूर्वी मधल्या काळात कायद्याने केलेली एक गोष्ट सांगायला हवी. पेशवाई जाऊन कंपनी सरकार आले तरी कोठडीतली मारझोड थांबली नाही. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्याचे नोकर रयतेचा छळ करतात अशी ओरड विलायतेपर्यंत गेली, चौकशी समिती नेमली गेली आणि १८५५ साली तिने ही ओरड खरी असल्याचे सांगितले. पुढे १८६१ साली पोलिसांचा कायदा झाला, आणि त्याच साली पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असा नियमही झाला. तो १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात गेला आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो टिकून आहे. सरकार पोलीस नेमते आणि त्याचेच सरकार ठाण्यातल्या कबुलीवर विश्वास ठेवू नका म्हणते, ही गंमत नव्हे. मारून वदवून घेण्यात काही लाभच उरू नये, अशी ती योजना आहे. पण हा नियम आरोपीच्या कामाचा. जी व्यक्ती आरोपी नाही, नुसती जबाबासाठी ठाण्यात आणली गेली आहे, तिला त्याचा आधार कोणता?

देसाईगंज, ज्याला वडसा असेही म्हणतात, ते तेव्हा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. तिथली एक पोरकी आदिवासी मुलगी भावाजवळ राहून मोलमजुरी करीत असे. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. ती एका तरुणाबरोबर संसार मांडणार, हे भावाला पसंत नव्हते. त्याने तक्रार दिली आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना जबाबासाठी ठाण्यात आणले गेले. जबाब झाले. मुख्य हवालदार साडेदहाच्या सुमारास घरी गेला. बाकीच्यांना बाहेर काढून मुलीला मात्र आत थांबवून घेण्यात आले. दार लागले, आतला दिवा गेला. बाहेर थांबलेल्या नातलगांनी हाका मारल्या. आजूबाजूची माणसे जमली. काही वेळाने मुलगी बाहेर आली आणि ठाण्यातल्या शिपायाने आपल्यावर अत्याचार केल्याचे तिने सांगितले. दुसऱ्या एका हवालदारानेही आपला विनयभंग केला, असे तिचे म्हणणे होते.

जमाव खवळला. चौकी जाळून टाका, शिपायाला बाहेर काढा, अशी भाषा सुरू झाली. म्हणजे १७९१ ची पुनरावृत्ती व्हायला एका काडीचेच अंतर होते. तेवढ्यात मुख्य हवालदाराला घरून बोलावून आणले गेले. त्याने जमावाची समजूत घातली, लोकांना परत पाठवले आणि मुलीची फिर्याद आपल्या हाताने लिहून घेतली. आपल्याच ठाण्यातल्या दोघांविरुद्धची फिर्याद त्याच रात्री कागदावर आली. ही साधी गोष्ट आहे, परंतु तिचे मोल फार आहे. जमावाने हातातला दगड खाली ठेवला, कारण त्याच्या बदल्यात त्याला एक कागद मिळाला होता.

त्या कागदाचे पुढे काय झाले, हे आता पाहू. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. मुलगी खोटे बोलते असे त्याचे मत पडले, आणि तिच्या पूर्वायुष्याचाही हिशेब मांडला गेला. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प बसणे म्हणजे राजीखुशी नव्हे, असे सांगून त्याने शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, तेव्हा तिची संमती नव्हती असे सिद्ध होत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा हे तत्त्व आपल्या सर्वांच्या रक्षणासाठीच आहे, हे विसरता येत नाही. पण संमती म्हणजे काय, आणि ती रात्री पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड कशी मोजायची, हा प्रश्न त्या तत्त्वाच्या आधीचा होता.

निकालाची वार्ता कोठे गेली नाही. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना तर तेव्हा स्वतःच्याच आगीने वेढले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पाठोपाठ खेडोपाडी दलितांची घरे जळाली. देसाईगंजच्या मुलीचा निकाल कायद्याच्या वृत्तमालिकेत छापला गेला आणि जवळजवळ वर्षभर तसाच पडून राहिला.

पुढे तो चार प्राध्यापकांनी वाचला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार. चौघेही कायदा शिकवणारे. १६ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. न्यायालयावर विद्वानांनी टीका करण्याची पद्धत होती, पण अशा रीतीने जाहीर पत्र लिहून जाब विचारण्याची नव्हती. त्यांचे विचारणे सरळ होते. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक नाही काय? चौदा-सोळा वर्षांच्या गरीब मुलीने, रात्री, सरकारी गणवेशातल्या पुरुषापुढे किती आरडाओरडा केला म्हणजे न्यायालयाचे समाधान होईल? नातलगांना बाहेर काढून तिला आत ठेवण्याचे कारणच काय होते, याविषयी निकालात एक शब्द कसा नाही?

पत्र हाती हाती फिरले. मुंबईत अत्याचारविरोधी मंच उभा राहिला, नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे आल्या. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली, नागपूर आणि इतर शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्च्यांतल्या पुष्कळ जणी आयुष्यात पहिल्यांदाच घोषणा देत होत्या आणि ज्या शब्दाचा उच्चार घरात होत नव्हता तो शब्द भर चौकात उच्चारीत होत्या. त्यांची मागणी निकालाच्या पुनर्विचाराची आणि कायदा बदलण्याची होती. त्या शिपायाला आमच्या हवाली करा, असे त्या म्हणत नव्हत्या. पुण्यातल्या १७९१ च्या जमावात आणि या जमावात मला दिसणारा फरक हाच आहे.

पुनर्विचार झाला नाही. निकाल होता तसाच राहिला आणि दोघे कायद्याने निर्दोष ठरले ते ठरले. पण विधी आयोगाने त्याच वर्षी आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ साली संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. पोलिसाने ताब्यातल्या स्त्रीवर असा अत्याचार केल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. संबंध सिद्ध झाला आणि माझी संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे ताब्यात ठेवणाऱ्यावर असावे, असा नियम झाला. किल्ली ज्याच्या कमरेला, उत्तर त्याने द्यायचे! नानांच्या पुण्यात घाशीरामाच्या मरणाने जे साधले नाही, ते इथे आरोपी सुटूनही साधले. स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणारे कलम मात्र पुढे वीस वर्षांनी निघाले.

त्या मुलीला यातून काय मिळाले? काहीच नाही. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागू होत नाही, आणि होऊही नये, नाहीतर उद्या सरकार काल केलेल्या कशालाही गुन्हा म्हणू शकेल. तिच्यापायी झालेल्या कायद्याचा आसरा इतरांना मिळाला. याच दुरुस्तीने अशा स्त्रीचे नाव छापायलाही बंदी केली. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आरोपीच्या नावाने छापलेला आहे, लोकांनी मात्र तो तिच्या नावाने लक्षात ठेवला. मी तिचे नाव लिहीत नाही. तिच्याच खटल्याने दिलेला तेवढा आडोसा तिलाही मिळावा, असे वाटते.

यानंतरची वाटचाल अशाच कागदांची आहे. बंगालमधल्या डी. के. बसू यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले, त्यातून १९९६ चा प्रसिद्ध निकाल आला. अटकेचा कागद करावा, नातलगाला कळवावे, अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, पोलिसाने नावाची पट्टी लावावी, असे नियम त्याने घालून दिले. २००६ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे असा आदेश झाला आणि महाराष्ट्राने २०१४ साली तशी तरतूद केली. २०२० साली प्रत्येक ठाण्यात छायाचित्रण यंत्रे बसवण्यास सांगितले गेले. एवढे सारे झाल्यावर कोठडीचे दार कायमचे उघडे राहिले, असे म्हणता आले असते तर हा लेख इथेच संपला असता.

२०२४ च्या डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, दंगा उसळला, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला तो कोठडीत असतानाच मरण पावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांकडे बोट दाखवले. तरीही पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवला जाईना, म्हणून त्याच्या आईला आमच्या शहरातल्या खंडपीठाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. दोष कोणाचा, हे ठरवणे खटल्याचे काम आहे. मी फक्त दिवस मोजतो. देसाईगंजात एका हवालदाराने आपल्या माणसांविरुद्धची फिर्याद त्याच रात्री लिहून घेतली होती. त्यानंतर बावन्न वर्षांनी, इतके कायदे आणि इतके निकाल हाताशी असताना, एका आईला तेवढ्याच कागदासाठी सहा महिन्यांहून अधिक काळ लागला.

निकाल मनाविरुद्ध लागला की आपल्याला घाशीराम आठवतो, हे स्वाभाविक आहे. राग यावा, तो आल्यावाचून काही हलत नाही. परंतु १७९१ च्या रागाने एक माणूस गेला आणि १९७९ च्या रागाने निकाल मुळातून वाचून त्याला ओळीओळीने उत्तर दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या तऱ्हेला वेळ लागतो. तिच्यात हाताला दगड लागत नाही, म्हणून समाधानही कमी वाटते.

शेवटी घरगुती एक गोष्ट. पोलीस कोणाला अटक करतात तेव्हा जो कागद होतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्षीदार म्हणून सही लागते. बसू खटल्याने घातलेला हा नियम आता कायद्यातच आला आहे. आपण बहुतेक मंडळी अशा वेळी खिडकी लावून घेतो, नसती भानगड नको म्हणून. शेजारच्या मुलाला न्यायला गाडी आली आणि कोणी सही मागितली, तर खाली उतरावे, कागद नीट वाचावा, वेळ लिहिली आहे का पाहावे आणि सही करावी.